लोकांचा खर्च खरंच वाढतोय का हे कसं ओळखायचं, आणि शेअर घेताना त्याचा काय उपयोग?

जीडीपीच्या आकड्यावर जाऊ नका, तो उशिरा येतो. आपल्याकडे जीडीपीचा साधारण 60 टक्के भाग घरगुती खर्चाचा आहे, त्यामुळे आधी एफएमसीजी (साबण, बिस्किटं असा रोजचा माल विकणाऱ्या) कंपन्यांचे तिमाही निकाल उघडा आणि त्यात फक्त व्हॉल्यूम ग्रोथ, म्हणजे माल प्रत्यक्षात किती जास्त खपला ते बघा. समजा विक्री 6 टक्के वाढली पण त्यातले 5 टक्के भाववाढीचे असतील तर माल जेमतेम 1 टक्का जास्त खपला, आणि 5 रुपयांच्या बिस्किट पुड्याचं वजन कमी केलं असेल तर तीही भाववाढच की.

मग गाड्या. कंपनीने डीलरला किती पाठवल्या यापेक्षा आरटीओत नोंदणी किती झाली ते बघा, गाडी विक्रेत्यांची संघटना फाडा हा आकडा दर महिन्याला देते. टू-व्हीलर, ट्रॅक्टर चालले म्हणजे गावाकडे पैसा आहे. नुसत्या महागड्या एसयूव्ही खपत असतील तर तेवढ्यावरून सगळं छान चाललंय असं अजिबात समजू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खर्च पगारातून होतोय की कर्जातून? नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने पर्सनल लोन, क्रेडिट कार्डचं रिस्क वेट वाढवलं, म्हणजे अशा कर्जामागे बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, ते उगाच नाही. मायक्रोफायनान्सचे (गरीब घरांना दिलेल्या छोट्या कर्जांचे) हप्ते थकायला लागले की मला पहिली काळजी वाटते, कारण त्या घरांचा साबण-तेलाचा खर्चही लवकरच आखडतो.

बाकी सप्टेंबर 2025 च्या जीएसटी कपातीने साबण, शाम्पू, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर आली म्हणून लगेच शेअर उचलू नका, दोन-तीन तिमाह्या व्हॉल्यूम वाढतोय का बघा आणि पीई (शेअरचा भाव कंपनीच्या प्रति शेअर वार्षिक नफ्याच्या किती पट आहे ते) आधीच 50-60 असेल तर सरळ थांबा.