हरिहर गडावर त्या पायऱ्यांशिवाय पाहण्यासारखं काय आहे?

नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या चढून झाल्यावर पुढे जाण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, नक्की आहे. मी नाशिकचा. पायऱ्यांच्या तोंडाशी फोटो काढून मागे फिरणारी माणसं दिसली की फार हळहळ वाटते.

पायऱ्या बघाच, सावकाश बघा. पायरीच्या दोन्ही अंगांना पंजा बसेल एवढी खोबण आहे. हात घातला की आतला दगड गुळगुळीत लागतो, इतकी माणसं तिला धरून चढली आहेत. १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर हा गडही इंग्रजांकडे गेला. तेव्हा इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने या चढाचा भयंकर उभेपणा शब्दांत सांगता येत नाही असं लिहून ठेवलं. बाकी कित्येक गडांच्या वाटा इंग्रजांनी उडवून दिल्या, ही मात्र शिल्लक राहिली.

खरी कारागिरी पहिल्या दरवाजाच्या पुढे आहे. कातळ आडवा कोरून वाट काढलीय. डोक्यावर दगडाचं छत, एका बाजूला थेट दरी, वाकूनच जावं लागतं. मग पुन्हा पायऱ्या, दुसरा दरवाजा, आणि माथा.

वर पडझडच जास्त. मारुतीचं छोटं देऊळ, शेजारी तळं, कातळात खोदलेली पाण्याची टाकी. ही टाकी नीट बघा. पाण्याशिवाय या सुळक्यावर शिबंदी, म्हणजे गडाची फौज, राहिलीच नसती. पुढे दगडी कोठार आहे, गडावरची धड उभी राहिलेली एकमेव इमारत. आत जायला दार नाही, खिडकीएवढं भोक आहे, अंग चोरून शिरायचं. आत दोन खोल्या. बाहेर वारा घोंघावत असताना आतली शांतता ऐकून बघा. मला तरी गड तिथेच भेटतो.

सगळ्यात उंच टेकाडावरून ब्रह्मगिरीचा डोंगर, शेजारचा भास्करगड आणि वैतरणा धरणाचं पाणी दिसतं. खालून कोकणाकडे उतरणाऱ्या गोंडा घाटावर नजर ठेवायला गड इथेच का हवा होता, तेही तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

शनिवार-रविवार टाळा, पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे अडकून पडतात. आणि उतरताना तोंड कातळाकडे ठेवा, शिडी उतरतो तसं.