सही केली, पण घरचे ‘हो’ म्हणतील का?

प्रश्न : अवयवदानाचा अर्ज मी भरला आहे. मुलगा म्हणतो, ‘वेळ आल्यावर बघू.’ मी सही केलेली असताना घरचे नकार देऊ शकतात का?

व्यवहारात देऊ शकतात. बहुतेक देशांत नोंद असली तरी डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, आणि त्यांचा ठाम विरोध असेल तर सहसा पुढे जात नाहीत. स्पेनमध्ये १९७९च्या कायद्याने नकार नोंदवलेला नसेल तर संमती गृहीत धरली जाते, तरी तिथेही कुटुंबाला विचारतातच. तिथले दाते वाढले ते १९८९पासून रुग्णालयांत अवयवदानाचे प्रशिक्षित समन्वयक नेमल्यावर. हे बहुतेक अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर. तेव्हा दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १४ दाते होते, आता ४०हून अधिक आहेत.

‘वेळ आल्यावर’ ही निर्णयाची सर्वांत वाईट वेळ. माणूस अचानक गेलेला असतो, घरचे जागरणाने थकलेले असतात आणि उत्तर काही तासांत द्यायचे असते. मृताची इच्छा माहीत नसेल तर लोक ‘नको’ म्हणतात, कारण नकाराबद्दल पुढे कोणी जाब विचारत नाही. होकाराबद्दल मात्र सगळ्या नात्यागोत्याला उत्तर द्यावे लागते. बरेचदा पत्नी आणि मुले तयार असतात आणि उशिरा पोचलेला एखादा वडीलधारा सगळे फिरवतो. म्हणून एकट्या मुलाशी बोलून भागणार नाही. घरात ज्याचा शब्द चालतो, त्यालाही समोर बसवा.

काय द्यायचे ते नाव घेऊन सांगा. मूत्रपिंडाला हरकत नसणारेही डोळ्यांपाशी अडतात, कारण चेहरा शेवटचा पाहायचा असतो. डोळे नको असतील तर तसे सांगा. उरलेले अवयव देता येतात. शस्त्रक्रियेनंतर शरीर टाके घालून नीट परत मिळते, चेहरा पाहता येतो. मात्र तपासण्या आणि शस्त्रक्रिया धरून बऱ्याचदा एक दिवस, कधी जास्तही जातो. अंत्यसंस्कार लांबणार हे आधी ठाऊक नसेल, तर दिलेला होकारही ऐन वेळी मागे घेतला जातो.

प्रश्न : अंग गरम, छाती हलतेय, तरी डॉक्टर ‘गेले’ म्हणतात. अवयवांसाठी घाई करत नसतील कशावरून?

ही शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकणाऱ्या डॉक्टरांमुळेच नकार वाढतात. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदयाचा ठोका हृदयातच तयार होतो, त्यामुळे ऑक्सिजन मिळत असेपर्यंत ते काही काळ चालते. कधी हातही हलतो. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते. घरच्यांना हे कोणी आधी सांगितले नाही, तर त्या एका हालचालीने विश्वास उडतो.

मेंदूमृत, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबलेला, ठरवण्याआधी मेंदूला इजा कशाने झाली ते कळलेले असावे लागते. गुंगीच्या औषधांचा परिणाम आणि शरीराचे घटलेले तापमान ही कारणे वगळावी लागतात. मग डोळ्यांच्या बाहुल्या, बुबुळ, घसा, खोकला यांचे प्रतिसाद पाहतात. शेवटी ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ६० मिमी पाऱ्यावर गेला तरी श्वासाची धडपड दिसली नाही, तर मेंदूतले श्वसनकेंद्र बंद पडले आहे. या चाचण्या प्रत्यारोपणाच्या चमूतले डॉक्टर करत नाहीत. निदान कोणी केले, कोणत्या चाचण्या झाल्या हे बेधडक विचारा; चाचणी समोर पाहू देता का, तेही विचारा.

अविश्वास किती टिकतो हे जपानने पाहिले. १९६८मध्ये साप्पोरोत झालेल्या हृदयप्रत्यारोपणात दाता खरोखर मृत होता का, यावरून वादळ उठले. मेंदूमृत दात्याचे अवयव घेऊ देणारा कायदा तिथे १९९७मध्ये झाला. लेखी इच्छा नसताना केवळ कुटुंबाच्या संमतीने दान २०१०मध्ये शक्य झाले.

प्रश्न : आईला वाटते, शरीर अपुरे गेले तर पुढे त्रास होतो. धर्माची मनाई आहे का?

मोठ्या धर्मांच्या अनेक जाणत्यांनी दान मान्य केले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २०००मध्ये ते उघडपणे गौरवले. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीने १९८८मध्ये अटींसह मुभा दिली. पण आईंपुढे हे दाखले ठेवून वाद घालू नका. ज्या धर्मगुरूंवर त्यांचा विश्वास आहे त्यांनाच त्यांनी स्वतः विचारावे. तरी मन तयार नसेल तर नेत्रदानाचे विचारून पाहा: ते हृदय थांबल्यावर, सहसा सहा तासांच्या आत होते, आणि बहुतेक वेळा फक्त पारदर्शक बुबुळपटलच काढतात.