सांधे दुखत असताना नसांची तपासणी कशाला? शॉक फार लागतो का?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने मनगटं आणि बोटांचे सांधे दुखतायत, रक्ताचे रिपोर्ट जवळपास नॉर्मल आहेत, आणि आता मानेचा एमआरआय आणि हातांचं एनसीव्ही-ईएमजी सांगितलंय, म्हणजे नसांतल्या संदेशाचा वेग आणि स्नायूंतले विजेचे संदेश पाहणाऱ्या दोन तपासण्या. मी डॉक्टर नाही. परळला माझं पोळी-भाजी केंद्र आहे, रोजच्या दोनेकशे पोळ्या. या तिन्ही तपासण्यांतून गेलेय, म्हणून लिहिते.

आधी शॉकचं सांगते, कारण मीही त्याच भीतीने दोनदा तारीख पुढे ढकलली होती. एनसीव्हीत हातावर पट्ट्या चिकटवतात, पेनाने खुणा करतात, शिवणाच्या टेपने अंतर मोजतात आणि मनगटाशी, मग कोपराशी बारीकसा झटका देतात. झटका मिलिसेकंदाच्याही आत संपतो. ओल्या हाताने मिक्सरचं बटण दाबल्यावर कधी चटका बसला असेल, तर साधारण त्याच जातीचा. विचित्र वाटतं ते वेगळंच: आपण काही न करता अंगठा टुणकन उडतो. मला हसूच आलं.

ईएमजी मात्र दुखलं, खोटं कशाला बोलू. त्यात स्नायूत बारीक सुई घालतात. सुईतून करंट सोडत नाहीत, ती फक्त स्नायूतले विजेचे संदेश टिपते, आणि शेजारच्या स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी खरखर येते. अंगठ्याच्या बुडाशी सुई गेली तेव्हा आई आठवली. पण एकेका स्नायूचं काम मिनिट-दोन मिनिटांत उरकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर तपासणीआधीच सांगा. त्या दिवशी हाताला तेल-क्रीम लावू नका. आणि खोलीतल्या एसीने हात गार पडले असतील तर गप्प बसू नका. गार हातात नसेचा वेग मुळातच कमी दिसतो, रिपोर्ट उगाच बिघडतो. माझे हात आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेकून घेतले होते.

आता सांधे दुखत असताना नसा कशाला. मला आधी चिकनगुनिया झाला होता. ताप आठवड्यात गेला, सांधे धरले ते धरलेच. म्हणून सगळं दुखणं मी त्याच्याच खात्यावर मांडत होते. पण रात्री तीनला हात मुंग्यांनी जागा व्हायचा, झटकला की बरं वाटायचं. सकाळी लोकलमध्ये कडी धरली की दादर येईपर्यंत बोटं बधिर. एका डॉक्टरांनी थेट मानेचा एमआरआय लिहून दिला. त्यात मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली निघाली, मग दीड महिना मानेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे मान ताणून धरणं. काडीचा फरक नाही. नंतर कळलं की चाळिशीनंतर काही दुखत नसलेल्यांच्या मानेतही अशा चकत्या सर्रास दिसतात. तो पट्टा अजून कपाटात आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी, हे न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे नसांचे डॉक्टर, एमआरआयची फिल्म आधी बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘बाई, नक्की कुठली बोटं?’ मी म्हटलं, सगळी. त्यांनी कापूस फिरवला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बोथट. करंगळी ठणठणीत. आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर, करंगळीकडची चांगली! एकाच बोटाच्या दोन बाजू वेगळ्या, हे मला इतके महिने कळलंच नव्हतं. मनगटात हाडं आणि एक आडवा पट्टा यांच्यामधून नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि याच बोटांकडे जाणारी एक नस जाते. कंडरांना सूज आली की दाटीत नस चेपते. यालाच कार्पल टनेल म्हणतात. एनसीव्हीत नेमकं तेच दिसलं: कोपरापासून मनगटापर्यंत संदेश सेकंदाला पन्नासेक मीटरने नीट धावत होता आणि मनगटाशी रखडत होता, फास्ट लोकल स्टेशनच्या तोंडाशी येऊन थांबावी तसा. सांध्यांची सूज चिकनगुनियाची आणि त्या सुजेने, वर कणीक मळून, चेपलेली नस. दुखणी दोन होती. मधुमेह आणि थायरॉइडमध्येही ही नस चेपते, ते तपासून घ्या.

एमआरआयबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेजारच्या इमारतीचं पायलिंग चालू असताना डोळे मिटून पडलोय असं समजा, अर्धा तास. मंगळसूत्र, बांगड्या, पिना घरीच ठेवा. स्टेंट, पेसमेकर, हाडातली पट्टी असेल तर आधीच सांगा. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबायला. माझ्या उजव्या हाताला तो धड जाणवतच नव्हता, मी डाव्या हातात मागून घेतला.

करायचा की नाही, हे मी सांगणार नाही. पण हात-पाय कमजोर होत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर एमआरआय अजिबात लांबवू नका. तसं काही नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यात नक्की काय शोधताय?’ जाण्याआधी चार रात्री कुठलं बोट कधी बधिर होतं ते लिहून ठेवा. आणि एनसीव्ही नॉर्मल आलं म्हणून कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ती तपासणी नसेतल्या जाड, वेगवान तंतूंचीच असते, बारीक तंतूंचा बिघाड तिला दिसत नाही.

पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे सगळं खाजगीपेक्षा बरंच स्वस्त होतं, फक्त तारीख लांबची मिळते. कुठेही करा, कागदाबरोबर सीडीही मागून घ्या. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याचा रिपोर्ट वाचलाच नाही, चित्रं स्वतः पाहिली.