स्वस्त तेल गाडीत घालण्याआधी

भावा, जुनी बीएस-६ पिकअप घेतलीस, झ्याक झालं. पण शिरोलीतल्या फाउंड्रीतून एलडीओचा, म्हणजे लाइट डिझेल ऑइल या भट्टीच्या तेलाचा कॅन स्वस्तात मिळतोय म्हणून टाकीत ओतू नकोस.

अमेरिकेत घर तापवायचं तेल डिझेलच्या जवळचंच असतं. रस्त्याचा कर नसतो म्हणून त्यात लाल रंग घालतात. व्हिडिओवाले ते बघून ‘काय फरक पडत नाही’ म्हणतात. आपल्याकडचं एलडीओ तसलं नव्हे. ते भट्टीला, बॉयलरला, फार तर संथ फिरणाऱ्या जुन्या इंजिनाला.

खरी गोम गंधकात आहे. एप्रिल २०२० पासून पंपावरच्या डिझेलात गंधक १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांच्या आत असतं. एलडीओत ते कैक पटींनी जास्त. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल तर त्याचं वाटोळं होतंच, वर गाळानं इंजेक्टरची भोकं बुजतात. रॉकेलची तऱ्हा वेगळी. ते कोरडं असतं, आणि कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जोरात डिझेल पुरवणाऱ्या यंत्रणेच्या पंपाला वंगण मिळतं ते इंधनातूनच. रॉकेलवर पळालेल्या गाडीचा फिल्टर कापून बघ, कागदाच्या घड्यांत चंदेरी चुरा चमकतो. तो पंपाचा झिजलेला धातू. मग पंप, रेल, इंजेक्टर सगळंच बदलायला लागतं. शिवाय रेशनच्या रॉकेलला निळा रंग असतो, भेसळ लगेच कळते आणि गुन्हा दाखल होतो.

आधीच ओतलं असशील तर किल्ली फिरवू नकोस. टाकी उतरव, धू, फिल्टर नवा टाक. गगनबावड्याची खेप उद्या मार.