पहिला जुना व्हॅक्यूम क्लीनर: आधी प्लग लावू नका

जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवायला लागलात आणि पहिलं यंत्र हाती आलं, असं तुम्ही कळवलंत. अभिनंदन! १९३७ सालचं इलेक्ट्रोलक्सचं 'एक्सएक्सएक्स' हे अमेरिकन मॉडेल पहिल्याच खेपेला मिळणं म्हणजे नशीबच.

चालू करून बघायचा मोह मात्र आवरा. अमेरिकेतलं यंत्र साधारण ११५ व्होल्टचं असतं, आपल्याकडे भिंतीत २३० येतात. थेट लावलंत तर मोटर जळू शकते. यंत्राच्या पाटीवरचे वॅट बघून त्याला पुरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज कमी करणारं उपकरण) घ्या. त्याआधी वायर हलकेच वाकवून पाहा. रबर तडकलं असेल तर पूर्ण वायर बदला. चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, यात काटकसर नकोच.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- क्रोमचा चकचकीत मुलामा तारेच्या घासणीने घासणं. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, मग क्रोम पॉलिश, एवढं पुरतं.
- कापडी विणीची नळी बादलीत भिजत घालणं. ओलं फडकं पिळून पुसा, सावलीत वाळवा.
- यंत्रावर छापलेल्या अक्षरांवर थिनर लावणं. माझ्या पहिल्या यंत्राचं नाव मी असंच पुसून टाकलं, अजून हळहळतो.
- फोटो न काढता स्क्रू उघडणं. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) काढलेत तर डावा-उजवा आणि दिशा खुणेने लिहून ठेवा.

आतली धूळ अंगणात, मास्क लावूनच झटका. घरात झटकलीत तर बोलणी खाल!

बेअरिंग आणि कम्युटेटर (कार्बन ब्रश ज्यावर टेकतात तो मोटरचा फिरता भाग) सध्या राहू द्या. वायर चांगली आहे की तडकलेली ते कळवा, मग पुढचं बघू.