व्यायामशाळेतल्या जिम्नॅस्टिक्सच्या जुन्या कॅसेट आणि डीव्हीडी कशा जपाव्यात?

खानापूरच्या तुमच्या व्यायामशाळेत स्पर्धांच्या मिनी डीव्ही कॅसेट, डीव्हीडी आणि कुरकुरणारी एक हार्ड डिस्क पडून आहे, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

आधी हार्ड डिस्क. 'बघू तरी काय आहे' म्हणून ती सारखी जोडू नका. एकदाच जोडा आणि सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. वाचताना अडली तर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढणारं सॉफ्टवेअर) वापरा. चांगला भाग आधी काढून खराब जागांकडे ते नंतर वळतं. चरे पडलेल्या डीव्हीडींनाही तेच.

मग कॅसेट. आपल्याकडच्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे टेपचं काय! कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर ती कॅमेऱ्यात घालू नका, नाहीतर टेप वाचणारं हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटलाही लागण. बाकीच्या फायरवायरनेच (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारी डिजिटल वायर) उतरवा. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे दिल्या तर तो बहुधा पिवळ्या-लाल-पांढऱ्या अ‍ॅनालॉग वायरीने घेईल. त्यात चित्र उगाच बिघडतं. मिनी डीव्हीवरचं चित्र मुळात डिजिटलच असतं, फायरवायरने ते जसंच्या तसं येतं. तासाला साधारण १३ जीबी लागतात. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर शूटिंगची तारीखही सोबत येते.

जिम्नॅस्टिक्सपुरती एक गोष्ट नीट बघा. आपल्याकडच्या पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येकीत दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या ओळी, म्हणजे ५० क्षण. कॉम्प्युटरवर हातापायांच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात त्या यामुळेच. बरीच सॉफ्टवेअर्स त्यातले निम्मे क्षण टाकून देतात. भाषणाला चालेल, पण डबल बारवरून उतरताना पोराने हात नेमका कधी सोडला, हे त्या टाकलेल्या निम्म्यातच असू शकतं. बघायची प्रत सेकंदाला ५० फ्रेमची करा (एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर), आणि मूळ फाइलला हात लावू नका.

नावं तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस. मग गाव, साधन (जसं डबल बार), खेळाडू. तारीख नसेल तर गुणफलक बघा. एकाच साधनावर १०च्या वर गुण दिसले तर ती २००६च्या नव्या नियमांनंतरची स्पर्धा, त्याआधी १०च कमाल होते. पोरांची नावं मात्र जुन्या सरांनाच ठाऊक. त्यांना चहा पाजा, व्हिडिओ लावा आणि ते सांगतील तसं एक्सेलमध्ये लिहीत जा. एकदा सर दमले की राहिलंच म्हणून समजा, त्यामुळे हे काम मी उतरवणं पूर्ण व्हायची वाट न बघता सुरू करीन.

प्रती तीन: दोन वेगवेगळ्या डिस्क आणि एक गावाबाहेर, पुण्या-मुंबईला गेलेल्या एखाद्या माजी खेळाडूकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली फाइल प्रत म्हणून धरू नका, ती बहुतेकदा दाबून लहान केलेली असते. आणि यूट्यूबवर सगळं खुलं टाकायची घाई नको. त्या वेळच्या शाळकरी मुली आज संसाराला लागल्यात, लिओटार्डमधले व्हिडिओ त्यांना विचारूनच टाका.