यजमान संस्थेचे दोन ओळींचे उत्तर

परदेशात क्षेत्रकार्यासाठी निघालेले पदव्युत्तर विद्यार्थी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बोलण्याची सुरुवात बहुधा पैसे, प्रकृती किंवा जेवणाखाण्यापासून होते. पण अर्ध्या तासाने जे बाहेर पडते ते बहुतेक वेळा एकच असते: ‘ज्या संस्थेकडे मी चाललो आहे, तिला मी नकोच असलो तर?’ ही काळजी अगदीच निराधार असते असे मी म्हणणार नाही. त्या काळजीचे काय करायचे, हे मला एका विद्यार्थिनीमुळे अधिक नीट कळले. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते येथे लिहीत आहे.

ती रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबातली. आई आणि मावशी दोघी बाजारात मासळी विकणाऱ्या. युरोपातील एका विद्यापीठात ती विकास अभ्यासाची पदव्युत्तर पदवी घेत होती आणि प्रबंधासाठी केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमूजवळ, मासळी विकणाऱ्या बायकांच्या एका छोट्या संस्थेबरोबर दहा आठवडे राहणार होती. तिने जूनमध्ये येत असल्याचे सविस्तर, तीन पानी पत्र पाठवले होते. अकरा दिवसांनी उत्तर आले, तेही दोन ओळींचे: स्वागत आहे, पण ऑगस्टमध्ये आलीस तर बरे. ‘मॅडम, हा सभ्य भाषेतला नकारच आहे ना?’ असे तिने मला विचारले, तेव्हा तिचा आवाज कापत होता.

पहिल्या दोन भेटी मी चुकीच्या दिशेने घालवल्या, हे कबूल केले पाहिजे. मी तिच्या मनाची तयारी करून घेत होते: एकटेपणा, घरची आठवण, झोप, कोणाला केव्हा फोन करायचा. हे सगळे लागतेच. पण तिची भीती होती ती एका विशिष्ट उत्तराबद्दल, आणि त्या उत्तराचा अर्थ आम्हा दोघींनाही माहीत नव्हता. तिसऱ्या भेटीत मी तिला एवढेच सुचवले, की ‘ऑगस्टच का?’ हा प्रश्न कोणतीही दिलगिरी न जोडता संस्थेला विचारावा. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. ओमेना ही मांदेलीपेक्षाही लहान, चंदेरी मासळी तेथे बायका उन्हात वाळवून विकतात, आणि एप्रिल ते जुलै या प्रजननाच्या काळात तिची मासेमारी बंद असते. जूनमध्ये किनाऱ्यावर भेटायला कोणी नसते, ज्या बायका भेटतील त्यांच्या हातात पैसा नसतो, आणि अशा वेळी पाहुणीला प्रश्न विचारायला घेऊन जाणे संस्थेला प्रशस्त वाटत नव्हते.

हे वाचून ती आधी हसली आणि मग बराच वेळ गप्प बसली. जिच्या घरी 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी दरवर्षी पाळली जाते, जिच्या आईने पावसाळ्यातल्या उसनवारीचे दिवस काढलेले आहेत, तिला हे सुचायला हवे होते, असे तिचे म्हणणे. मला मात्र त्यात आश्चर्य वाटले नाही. प्रबंधाचा आराखडा लिहिताना विद्यार्थी विद्यापीठाचे वेळापत्रक समोर ठेवतो आणि घरून बरोबर आणलेले शहाणपण दाराबाहेर काढून ठेवतो.

त्या दिवशी तिने एक जुनी गोष्ट सांगितली. ती शाळेत असताना कोणी अभ्यासक प्रश्नावल्या घेऊन त्यांच्या बंदरावर आले होते. ऐन लिलावाच्या वेळी मावशीला त्यांनी तासभर उभे केले, होडीचे कर्ज विचारले, नवऱ्याची दारू विचारली आणि ते गेले. त्या माहितीचे काय झाले हे सांगायला परत कोणी आले नाही. मावशी अजूनही त्यांना ‘कागदवाले’ म्हणते. मी तिला विचारले, किसुमूच्या त्या बायका तुला काय म्हणतील?

तिचा समज होता की आपणही मासळीवाल्यांच्या घरातल्या, त्यामुळे तेथे चटकन ‘आपल्या’ होऊ. यावर मला थोडे कठोर व्हावे लागले. मोंबासाहून निघालेली रेल्वे 1901 मध्ये किसुमूला पोहोचली. ती बांधण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते, आणि पुढे त्या भागातल्या व्यापारात भारतीय वंशाच्या कुटुंबांनी मोठी जागा मिळवली. तेव्हा किनाऱ्यावर ती आधी ‘मुहिंदी’ (स्वाहिलीत भारतीय), म्हणजे दुकानदारांच्या जातकुळीतली ठरणार होती. कोळ्याची मुलगी ही ओळख नंतर, कोणी विचारली तर. शिवाय ती स्वाहिली शिकत होती, आणि त्या बायकांची घरची भाषा धोलुओ. दुभाषी लागणारच होती. ती बाई असावी, आणि किनाऱ्याचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या कोणाची नातेवाईक नसावी, हे संस्थेनेच सुचवले.

खरा तिढा पुढे आला. तिच्या प्रश्नावलीत ‘जाबोया’बद्दल सहा प्रश्न होते. सरोवरावर काही ठिकाणी मासळी मिळवण्यासाठी विक्रेतीला होडीवाल्याशी शरीरसंबंध ठेवावे लागतात, त्या व्यवहाराशी जोडलेला हा शब्द. संस्थेने कळवले की पहिला महिनाभर हा विषय काढू नये. ती संतापली, संस्था सत्य दडपते आहे असे तिला वाटले. मी तिची बाजूही घेतली नाही आणि संस्थेचीही. मी विचारले, की हेच सहा प्रश्न तू आईला, शेजारणीच्या देखत, पहिल्या भेटीत विचारशील का? ते प्रश्न तिने स्वतःहून प्रश्नावलीतून वगळले, आणि विषय बाईने काढला तरच ऐकायचा असे ठरवले.

मग आम्ही संस्थेबरोबर एक पानाचा करार करून घेतला. दुभाषीचे मानधन कोण देणार, आठवड्यातले दोन दिवस ती संस्थेच्या बचतीच्या वह्या नीट लावून देणार, टिपणे कोणाच्या ताब्यात राहणार, काही अडले तर रात्री कोणाला फोन करायचा, आणि निघण्यापूर्वी निष्कर्ष बायकांपुढे मांडायचे, एवढेच त्यात होते. माझ्या अनुभवात या कागदाने जितक्या विद्यार्थ्यांची झोप परत आणली आहे, तितकी माझ्या कोणत्याही समुपदेशनाने आणलेली नाही.

सरकारी कामे वेगळीच होती. केनियात संशोधनासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम आयोगाचा परवाना लागतो, परदेशी संशोधकाला स्थानिक संस्थेशी संलग्न व्हावे लागते आणि तेथील नीतिसमितीची संमतीही घ्यावी लागते. यजमान संस्थेने ‘ये’ म्हटले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. जूनचा हट्ट धरला असता तर हे कागद वेळेत झालेच नसते. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, हे तिला माहीत होते. पण केनियातून थेट मुंबईत उतरताना ते प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, हे तिच्या गावीही नव्हते, आणि तिला दिवाळीला घरी पोहोचायचे होते.

विद्यापीठाने प्रबंधाची मुदत वाढवून दिली. ती ऑगस्टमध्ये गेली. तिसऱ्या आठवड्यात तिचा रडवेला निरोप आला, की बायका फक्त वह्यांविषयी बोलतात, बाकी काही सांगत नाहीत. मी तिला वह्याच लिहीत राहायला सांगितले. शेवटच्या आठवड्यात तिने निष्कर्ष मांडले आणि दुभाषीने ते धोलुओत सांगितले. एका वयस्कर बाईने मध्येच थांबवून विचारले, की सुकलेल्या ओमेनाच्या बादलीमागे आमची जी कमाई तू सांगितलीस, त्यातून मजुरी का वजा केली नाहीस? त्यावर अर्धा तास वाद झाला, चार जणींनी चार हिशेब मांडले, आणि तिने तो आकडा त्यांच्यासमोरच खोडून पुन्हा लिहिला.